फळा खिशात आला, नियम गेटवरच राहिले

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे आणि चादरींचे कारखाने एकाला एक लागून उभे आहेत. त्यांतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात शिरून ‘एचआर कुठे बसतात?’ असे विचारले, तर समोरचा आधी तुम्हाला वरून खाली न्याहाळेल आणि मग मालकांच्या केबिनकडे बोट दाखवेल. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, बालाजी अमाइन्स अशा सोलापुरातून बाहेरच्या जगाशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभाग असतो, त्याची माणसे असतात, धोरणांच्या फायली असतात. तीस-चाळीस जणांच्या यंत्रमाग कारखान्यात मात्र हे सगळे खाते तिघांत आटोपते: मालक, हिशेब लिहिणारा क्लार्क आणि जॉबर, म्हणजे मुकादम. गेल्या आठ-दहा वर्षांत त्यांना चौथा येऊन मिळाला. तो पगार मागत नाही, खाडा करत नाही आणि रात्री साडेअकरालाही बोलतो. तो म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप.

अशा ग्रुपवर काय चालते, हे सोलापूरकराला सांगायला नको. ‘उद्या दुपारी दोनपासून लाईट नाही, दिवसपाळीने सकाळी सहाला यावे.’ ‘चार नंबरच्या मागावरचा माणूस आला नाही, कोण येतंय का?’ ‘शनिवारी पगार होईल, उचल मागू नये.’ मग कापडात पडलेल्या दोषाचा फोटो, दोषावर कोणाचे तरी बोट. मग शुभ सकाळ, मार्कंडेय जयंतीचा बॅनर, कोणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. हजेरी, हुकूम, तक्रार, शोक आणि करमणूक एकाच पडद्यावर. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या प्रत्येकासाठी वेगळे प्रकरण असते. कारखान्यात ते सगळे अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात वर सरकते.

हे बरे की वाईट, या वादात मला फारसा रस नाही. ग्रुप आला आहे आणि राहणार आहे. विचारण्याजोगा प्रश्न असा, की कारखान्याच्या गेटवर जो फळा असे त्याला कायदा होता, ठरलेली भाषा होती, ठरलेली जागा होती. तो फळा खिशात आला तेव्हा यातले सोबत काय आले?

आधी थोडे मागे जाऊ. १८७० च्या दशकात उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांची जुनी गिरणी, आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या कामगारांशी मुख्यतः दोन वाटांनी बोलत. भोंगा साऱ्या गावाला वेळ सांगे आणि बाकीचे सगळे जॉबर सांगे. जॉबर आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसे भरती करी, त्यांना उसने पैसे देई, कोणी आला नाही तर बदली उभा करी आणि मर्जी फिरली की काढूनही टाके. हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर नेमके बोट ठेवले आणि भरतीचे काम त्याच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, असे सुचवले. आजच्या एचआर खात्याचा आपल्याकडचा पणजोबा तो हाच अधिकारी. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. गिरण्या या आकड्याच्या कितीतरी वर होत्या. त्या बंद पडल्या, काम यंत्रमागांच्या शेडमध्ये विखुरले, आणि तिथे एका छपराखाली पाचशे माणसे कधी जमलीच नाहीत. अधिकारी गेला, जॉबर तेवढा राहिला. आज ग्रुपचा ॲडमिन पुष्कळदा तोच असतो.

फळ्याचा कायदा याहून नेमका होता. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याने मालकाला कामाच्या अटी लिहून काढायला लावल्या. पाळ्या कोणत्या, रजा कशी मागायची, गैरवर्तन कशाला म्हणायचे, शिक्षेआधी कामगाराचे म्हणणे कसे ऐकायचे, हे सगळे. आणि हे आदेश इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दारातून आत येतात त्या दाराशी, खास फळ्यावर लावावेत, अशी अट घातली. ही अट लिहिणाऱ्याला कारखाना कळत होता. दारावरचा फळा सगळ्यांना सारखाच दिसतो. तो मालकालाही बांधतो, कारण काल लावलेला कागद आज गुपचूप बदलला तर चार जणांच्या लक्षात येते. शिवाय तो जागचा हलत नाही. कामगार घरी गेला की फळा त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात येत नाही.

खिशातल्या फळ्याबाबत यातले एकही खरे नाही.

सगळ्यांना दिसणे, हीच गोष्ट घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि दोन वर्षांनी बटणांच्या जिओफोनवरही व्हॉट्सॲप चालू लागले. तेव्हापासून मागावरच्या माणसाच्या हाती ग्रुप आला. सोलापुरात त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. शहराच्या पूर्व भागातला विणकर पद्मशाली समाज तेलंगणातून आलेला. घरात तेलुगू, बाजारात मराठी. अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्याची कन्नड, नई जिंदगीतल्या कामगाराची दखनी. पद्मशालींतल्या अनेकांना तेलुगू फक्त बोलता येते, लिहिता-वाचता येत नाही, कारण शाळा मराठीत झाली. काहींची शाळाच झाली नाही. फळ्यावरचा मराठी कागद अशांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये आवाजी संदेशाची सोय आणली ती जगाच्या दृष्टीने एक किरकोळ सुधारणा होती. सोलापूरच्या शेडमध्ये तिने लिपीचाच अडसर काढून टाकला. जॉबर बटण दाबून धरतो आणि अर्धे तेलुगू, अर्धे मराठी असे जे काय सांगायचे ते सांगतो. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून ऐकणारा बाहेर जाऊन फोन कानाला लावतो, इतकेच.

माझ्या मते सोलापुरात कामाच्या ठिकाणी समाजमाध्यमाने केलेले हे सर्वांत मोठे भले आहे. आणि लगेच त्याची दुसरी बाजू. लेखी सूचना दहा जणांना एकाच शब्दांत मिळते. आवाजी सूचनेत सूर असतो, चिडचिड असते, अध्याहृत असे बरेच काही असते, आणि ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ या वाक्याला भरपूर जागा असते. पाळीची वेळ आवाजात सांगितली तर चालते. पगारकपातीचा नियम आवाजात सांगितला तर भांडण ठरलेले.

मग प्रश्न येतो फोन कोणाच्या हातात असतो याचा. मागावरच्या माणसाची बायको बहुधा विड्या वळते, हे सोलापूरच्या पूर्व भागाचे जुने गणित आहे. विडीचे काम घरी चालते. पाने आणि तंबाखू कंपनीच्या शाखेतून आणायची, घरी वळायची, मोजून परत द्यायची. या कामाला गेटच नाही, त्यामुळे गेटवरचा फळाही नाही. घरी वळणारी बाई कंपनीची कामगार आहे की नाही, यावरही दीर्घकाळ वाद चालला. भविष्यनिर्वाह निधीसाठी ती कामगारच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांसाठी उभी राहिली. तिथेच पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले आणि त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. या दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि लाल बावट्याची संघटना होती. एवढी मोठी वस्ती, काम घरोघर, मालक शहरात. अशा ठिकाणी फोन हेच कार्यालय व्हायला हवे होते.

पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ५५ टक्के स्त्रियांनीच आपल्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे सांगितले. उरलेल्यांचा ‘मोबाइल नंबर’ म्हणून कागदावर जो लिहिलेला असतो तो नवऱ्याचा किंवा पोराचा. पीएफचा ओटीपी त्याच्या फोनवर येतो. ग्रुपमध्येही तिच्या नावाने तोच असतो. ‘ग्रुपवर टाकलं होतं की’ असे शाखेतून उत्तर येते तेव्हा ते खरेही असते आणि निरुपयोगीही. पोरगा पुण्याला गेलेला असतो, फोन त्याच्यासोबत.

हाच पेच सरकारी कामातही दिसला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन कमी क्षमतेचे होते, सारखे बंद पडत, दुरुस्तीचा खर्च अंगावर येई, आणि ज्या पोषण ट्रॅकर ॲपवर रोज माहिती भरायची ते इंग्रजीत. बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा, ही १९४६ मधली साधी अट २०२१ मधल्या सरकारी ॲपने पाळली नव्हती.

फळा मालकाला बांधतो, त्याचे काय झाले? व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत २०२२ पासून दोन दिवसांहून थोडी अधिक आहे. आपोआप नाहीसे होणारे संदेश २०२० मध्येच आले. म्हणजे सोमवारी दिलेली सूचना बुधवारी नव्हतीच, असे होऊ शकते. ग्रुप ज्याच्या फोनवरून चालतो तो नोकरी सोडून गेला तर कारखान्याची चार वर्षांची दप्तरे त्याच्यासोबत जातात. वरिष्ठ लिपिकाने कपाट घरी नेले असते तर बोभाटा झाला असता. इथे कोणाला कळतही नाही.

न्यायालये मात्र या संदेशांकडे हळूहळू कागदासारखे पाहू लागली आहेत. मुंबई उच्च न्यायालयात २०१८ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे एक प्रकरण होते. नोटीस व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली, निळ्या खुणा उमटलेल्या. नोटीस पोहोचली आणि उघडलीही गेली, असे त्यांनी ग्राह्य धरले. सर्व नोटिसांना हे लागू नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी तपासात हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असे बजावले. पुराव्यासाठी स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीला ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसता फोटो पुढे करून भागत नाही. मूळ फोन आणि मूळ संदेश जपणे महत्त्वाचे.

ॲडमिनची धास्ती हा वेगळाच विषय आहे. कोणी काही वाह्यात टाकले तर पोलीस आधी मलाच धरतील, या भीतीने कितीतरी जॉबर ग्रुप चालवायला नाखूश असतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. मात्र बायका काम करतात अशा गारमेंट कारखान्यात मालकाची जबाबदारी एवढ्यावर संपत नाही. ग्रुपमध्ये घातलेल्या शिलाईवालीचा नंबर क्षणात साठ जणांना मिळतो, आणि रात्रीचे ‘हाय ताई’ तिथूनच सुरू होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फोनवरच्या अशा वागण्यालाही लागू पडतो. दहा किंवा अधिक माणसे असतील तर कारखान्यात अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. नंबर उघडे न पडण्याची सोयही आहे. ब्रॉडकास्ट यादीत किंवा कम्युनिटीच्या घोषणा-गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ती वापरणारे कमी, कारण ग्रुप काढायला अर्धे मिनिट पुरते.

जून २०१८ मध्ये ‘फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील’ ही सोय आली आणि मालकांना हायसे वाटले. आता शुभ सकाळ बंद, तक्रारी बंद, फक्त सूचना. तक्रारी बंद झाल्या असे ज्याला वाटले त्याने कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहावे. मालकाचा ग्रुप मुका झाला की दुसऱ्या दिवशी कामगारांचा आपला ग्रुप निघतो, ज्यात मालक नाही, क्लार्क नाही, आणि जॉबर असला तर तो कोणाच्या बाजूचा हे आधी ठरलेले असते. खरा संवाद तिथे. पूर्वी गिरणीच्या गेटसभेत जे बोलले जाई ते आता इथे बोलले जाते, फरक इतकाच की गेटसभा मालकाच्या खिडकीतून दिसायची.

त्या ग्रुपमधले बोलणे बाहेर फुटले तर? मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे २०२३ मध्ये एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. सहकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने वरिष्ठांची खिल्ली उडवली म्हणून त्याला आरोपपत्र मिळाले होते. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी ते रद्द केले. हेच बोलणे चहा पिताना झाले असते तर बँकेने दखल घेतली नसती, आणि मनातली भडास काढण्याचा हक्क माणसाला असतो, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकेतही २०१०-११ मध्ये फेसबुकवर वरिष्ठाविरुद्ध लिहिणाऱ्या एका कर्मचारी बाईच्या बडतर्फीवरून तिथले कामगार संबंध मंडळ कंपनीविरुद्ध उभे राहिले, आणि कंपनीने आपले नियम सैल करण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. कामाच्या अटींबद्दल कामगारांनी आपसात बोलणे हा हक्क आहे, मग ते कुठेही बोलोत, हे त्यामागचे तत्त्व.

महाराष्ट्र शासनाचा कल उलट दिशेला दिसतो. सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, गणवेश, सरकारी वाहन किंवा कार्यालय दाखवून रील करू नका, गोपनीय कागद पुढे पाठवू नका, असे त्यात आहे. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला मात्र मुभा आहे. हुकूम खाली पाठवायला माध्यम चालते, नाराजी वर पाठवायला चालत नाही, असा त्याचा सरळ अर्थ मला लागतो. रीलवरचे निर्बंध समजण्यासारखे आहेत. टीकेवरचा निर्बंध नागरी सेवा वर्तणूक नियमांत १९७९ पासूनच आहे, पण कँटीनमधल्या बोलण्याला तो लावत नसत.

हुकूम खाली पाठवण्याची ही सोय एवढी अंगवळणी पडली आहे, की तिच्यावरचा बहिष्कार आता आंदोलनाचे हत्यार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाविरुद्ध प्राथमिक शिक्षक संघटनांनी प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुप सोडण्याची हाक दिली. शाळा चालू, शिकवणे चालू, फक्त माहिती ‘तात्काळ’ पाठवणे बंद. ज्या कामाचा कोणत्याही सेवानियमात उल्लेख नाही ते थांबवल्यावर प्रशासन अडते, हे या आंदोलनाने दाखवून दिले.

घरापर्यंत मागोमाग येणाऱ्या फळ्याचा प्रश्न इथेच येतो. कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ४८, त्यापुढे दुप्पट दराने मजुरी. रात्री साडेनऊला ‘उद्याचा माल किती तयार आहे, फोटो टाका’ असे विचारले आणि कामगाराने उठून गोदामात जाऊन फोटो काढला, तर ती वीस मिनिटे कोणत्या खात्यात? फ्रान्सने २०१७ पासून, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयके मंजूर होण्याचा आपल्याकडचा इतिहास पाहता त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

फॉरवर्डचे बटण कामाच्या ग्रुपमध्ये निरुपद्रवी दिसते. त्याबाबत सोलापूर जिल्ह्याने मोजलेली किंमत इथे सांगितलीच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षेच्या फिरतीवर गेलेले. पिढ्यान्‌पिढ्या तेच त्यांचे काम होते. अफवा फोनवरून फिरत होत्या. त्या वर्षी देशभर अशा घटनांची मालिका झाली आणि त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. न्यूयॉर्कच्या कार्यालयातल्या माणसाचे बोट सहाव्या नावावर अडते तेव्हा त्यामागे मंगळवेढ्याचेही दुःख आहे. कारखान्याच्या ग्रुपवर ‘पीएफ बंद होणार’, ‘अमुक युनिट विकले’ असले फॉरवर्ड येतात तेव्हा मालकाने ओरडण्याऐवजी तासाभरात खरी माहिती लिहून टाकावी. उत्तर यायला दोन दिवस लागले तर अफवाच खरी ठरते.

भरतीच्या बाबतीत समाजमाध्यमाची सोलापुरात दोन वेगळी रूपे दिसतात. वालचंद इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली संगणक शाखेची मुलगी लिंक्डइनवर असते, हिंजवडीतल्या अनोळखी वरिष्ठाला दोन ओळी लिहिते आणि हुतात्मा एक्स्प्रेसने मुलाखतीला जाते. मागावर माणूस हवा असेल तर जॉबर मेहुण्याच्या ग्रुपवर आवाज टाकतो. हा मागासलेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून येण्याची शक्यता जास्त असते, कारण जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सुमारे दोन कोटी लिंक्डइन वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्याने हे मोठ्या प्रमाणावर खरे ठरवले, पण एक पुरवणी जोडली: संगणकाशी जवळच्या उद्योगांत लांबच्या ओळखी उपयोगी, तर इतर उद्योगांत जवळच्या ओळखींचा जोर अधिक. मागावर दहा हजार रुपयांचे सूत एका रात्रीत वाया घालवू शकणारा माणूस घेताना मालक हुशारीआधी भरवसा पाहतो, आणि भरवसा देणारा नात्यातलाच असतो. याची किंमतही आहेच. पूर्व भागाबाहेरच्या कुशल माणसाला त्या ग्रुपची वार्ताच लागत नाही, आणि व्हिटली आयोगाने ज्याच्या हातून भरती काढून घ्यायला सांगितले होते त्याच्या हाती ती नव्या फोनसकट परत आली आहे.

मोठ्या कंपन्यांनी यावर वेगळी साधने काढून पाहिली. फेसबुकने २०१६ मध्ये केवळ कार्यालयांसाठी वर्कप्लेस नावाचे माध्यम आणले आणि २०२४ मध्ये ते गुंडाळत असल्याचे जाहीर केले. स्लॅक, टीम्स वगैरे चालतात, पण त्यांच्या पूर्ण सोयींसाठी माणसी पैसे मोजावे लागतात. टॉवेलच्या कारखान्याने व्हॉट्सॲपच वापरावे. फक्त ते वापरताना ग्रुपला कारखाना समजू नये. माझ्या मते एवढे पुरेसे आहे: सूचनांचा ग्रुप कारखान्याच्या नावाने घेतलेल्या वेगळ्या सिमवर असावा. पाळी, रजा, पगार यांबाबतचे काहीही आवाजात सांगितले तरी त्याच दिवशी लिहूनही टाकावे आणि त्याची प्रत गेटवर मराठीत व तेलुगूत लागावी. रात्री आठनंतर ग्रुपवर आग आणि अपघात सोडून काही येऊ नये. आजारपणाचे कागद, आधार, बँक पासबुकाचे फोटो ग्रुपवर कधीच मागू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कामगारांची माहिती जपण्याची जबाबदारी लहान मालकालाही टळणार नाही.

यातले बहुतेक करायला कोणी भाग पाडणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, १९४६ चा कायदा त्यांत विलीन झाला, आणि स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे कामगारांपासून पुढे आहे. सोलापूरचे बहुतेक यंत्रमाग कारखाने या रेषेच्या खूप खाली येतात. एक गोष्ट मात्र अशा लहान कारखान्यांनाही लागू झाली: प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र. जॉबरच्या ‘उद्यापासून ये’ या आठ सेकंदांच्या आवाजावर कामाला लागलेल्या माणसाला आता कागद द्यावा लागेल, आणि त्यात त्याचे काम व पगार लिहावा लागेल. सहीची प्रत त्याच्या हातात द्यावी, एक फायलीत ठेवावी, हवी तर फोनवरही पाठवावी, पण त्याच्या स्वतःच्या नंबरवर. एकाचा पगार चुकून ग्रुपवर पडला, तर दुसऱ्या दिवशी दिवसपाळी सुरू होण्याआधी केबिनबाहेर रांग लागलेली असेल.